चाई पडली आहे, मूळपेशी देता येतील?

प्रश्न : मी सांगलीची, वय २७. कॉलेजपासून डोक्यावर रुपयाएवढ्या दोन चाया आहेत. ऑफिसात मूळपेशीदात्यांची (रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारात रुग्णाला रक्त तयार करणाऱ्या पेशी देणाऱ्यांची) नोंदणी होती. शेजारच्या ताई म्हणाल्या, "तुझं रक्त चालायचं नाही." खरं का?

उत्तर : तेवढ्यावरून मागे फिरू नका. चाईत आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते. त्यात रक्त 'दूषित' होत नाही, संसर्गही नाही. अशा आजारांपैकी ल्युपस मूत्रपिंड, सांधे असे अनेक अवयव धरतो, म्हणून अशा दात्याला सहसा नकार मिळतो. त्वचेपुरती राहिलेली चाई असेल, तर अनेक संस्था नोंदणी करून घेतात. वयानुसार पडणाऱ्या टकलाचा तर प्रश्नच नाही.

मला काळजी आहे ती औषधांची. माझ्याकडे येणारे बरेच जण "केसांची गोळी" एवढंच सांगतात. नाव विचारलं की गप्प! मलमाचं एक वेळ ठीक, पण मेथोट्रेक्सेट किंवा बॅरिसिटिनिब ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. ती चालू असतील तर नोंदणीवेळी स्पष्ट सांगा, पण दानासाठी परस्पर बंद करू नका. चाईसोबत कधीकधी थायरॉइडही बिघडतं, तेही तपासून घ्या.

आता फक्त गालाच्या आतून बोळा फिरवतील. त्यावरून पेशींचा प्रकार कळतो, आणि तो रुग्णाशी जुळावा लागतो. सख्ख्या भावंडातही तो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, म्हणून परक्या दात्याची एवढी वाट पाहिली जाते. कुणा रुग्णाशी जुळलंच, तर संपूर्ण तपासणी पुन्हा होईल आणि अंतिम निर्णय तिथले डॉक्टर देतील. गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या.