पेनड्राइव्ह लावला आणि संगणक थांबला

प्रश्न : कानबाईच्या अहिराणी गाण्यांचे ध्वनिमुद्रण साठवण्यासाठी मी लिनक्स संगणकात ४ टीबीची दुसरी हार्ड डिस्क बसवली, ती ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट केली आणि एफएसटॅब फाइलमध्ये (संगणक सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या, त्यांची यादी) ‘एसडीबी१’ अशी नोंद केली. महिनाभर सर्व सुरळीत होते. परवा पेनड्राइव्ह लावलेला असताना संगणक सुरू केला, तर तो ‘इमर्जन्सी मोड’ दाखवून थांबला. डिस्क खराब झाली का? शिवाय तिची क्षमता ३.६ टीबीच का दिसते?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून डिस्क खराब झालेली वाटत नाही आणि गाणी बहुधा जशीच्या तशी असतील. लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए, एसडीबी ही नावे कायमची नसतात. संगणक सुरू होताना उपकरणे ज्या क्रमाने सापडतात, त्या क्रमाने ती दिली जातात. त्या दिवशी ‘एसडीबी’ हे नाव पेनड्राइव्हला मिळाले असावे, आणि त्यावर ईएक्सटी४ न सापडल्याने संगणक अडून बसला.

पेनड्राइव्ह काढून संगणक सुरू करावा. तरीही तो अडलाच, तर त्याच पडद्यावर पासवर्ड देऊन एफएसटॅब उघडावी आणि त्या डिस्कच्या ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह (#) टाकावे, म्हणजे ती ओळ तात्पुरती वगळली जाते. नंतर ‘ब्लकआयडी’ ही आज्ञा दिली की प्रत्येक पार्टिशनसमोर (डिस्कच्या विभागासमोर) यूयूआयडी नावाची अक्षरे व अंक मिळून झालेली लांबलचक ओळख दिसते. ती फॉरमॅट करताना तयार होते आणि पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत बदलत नाही. एफएसटॅबमध्ये ‘एसडीबी१’च्या जागी तीच लिहावी, हॅश टाकला असल्यास काढावा आणि त्या ओळीतील पर्यायांत ‘नोफेल’ हा शब्द जोडावा, म्हणजे एखाद्या दिवशी डिस्क सापडली नाही तरी संगणक सुरू होईल. फाइल जतन केल्यावर लगेच रीस्टार्ट करू नये. आधी यादीतील डिस्क जोडणारी ‘माउंट -ए’ ही आज्ञा देऊन पाहावे. नोंदीत चूक असेल तर ती बहुतेक वेळा तेथेच कळते.

क्षमतेत काहीही हरवलेले नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या पटीत, म्हणून ४ चे ३.६ होतात. मात्र ईएक्सटी४ पाच टक्के जागा, म्हणजे येथे सुमारे २०० जीबी, रूट म्हणजे प्रशासक वापरकर्त्यासाठी राखून ठेवते; केवळ साठवणीच्या डिस्कवर ‘ट्यून२एफएस’ या आज्ञेने ती एक टक्क्यावर आणण्यास हरकत नाही. ही आज्ञा देण्यापूर्वी ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने दिसणाऱ्या डिस्कच्या यादीत आकार पाहून आपण योग्य डिस्कवरच आहोत याची खात्री करावी.

एक कळकळीची विनंती : गाणाऱ्या वृद्ध स्त्रियांचे हे आवाज पुन्हा मिळणार नाहीत, तेव्हा दुसऱ्या डिस्कवर प्रत निघेपर्यंत रेकॉर्डरमधील मूळ मेमरी कार्डे पुसू नयेत.