प्रोजेक्टला कमी गुण मिळाले. सुधारून द्यायला सरांकडे मुदत मागू का?

तुम्ही विचारलंय की घाईघाईत दिलेल्या प्रोजेक्टला २० पैकी ९ मिळाले, ग्रेड घसरतोय, तर सरांकडे आठवडाभराची मुदत मागावी का, आणि वडिलांच्या ओळखीच्या साहेबांकडून शब्द टाकावा का. मुदत जरूर मागा. साहेबांना मात्र यात अजिबात आणू नका.

मी स्वतः अशी मुदत मागितली आहे. आता एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात.

२०१९ ला मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, वनस्पतीशास्त्र घेऊन. आमचं घर कोल्हापूरजवळच्या चिखलीत. हर्बेरियमच्या, म्हणजे झाडं दाबून-वाळवून चिकटवलेल्या, २० शीट्स करायच्या होत्या. जुलैत पन्हाळा आणि मसाई पठारावर फिरून बहुतेक झाडं गोळा केली होती. रोज संध्याकाळी त्यांच्याखालचे ओले पेपर काढायचे, कोरडे घालायचे, वर पाटा ठेवायचा. ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. आम्ही म्हशी घेऊन सोनतळीला गेलो, गठ्ठा घरातच राहिला. पाणी ओसरल्यावर उघडला तर पानं काळी पडून पेपरला चिकटलेली, वर पांढरी बुरशी. कळलावीचं फूल कुठलं आणि बातमी कुठली, कळत नव्हतं. कपाटावर ठेवलेल्या सहा शीट्स तेवढ्या वाचल्या.

चूक पुढे झाली. मी महिनाभर कुणाला काही बोलले नाही. सगळ्या जिल्ह्याचं नुकसान झालंय, त्यात माझ्या शीट्सचं काय सांगायचं, असं वाटायचं. सप्टेंबरअखेर त्या सहा शीट्स देऊन आले. दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. मी रडवेली होऊन म्हणाले, "सर, पासापुरते तरी मार्क द्या." ते म्हणाले, "मार्क कशाचे देऊ? काम दाखव. आणि महिनाभर गप्प का बसलीस?" मग विचारलं, "किती दिवसांत किती होतील?" हा प्रश्न त्यांनी विचारला म्हणून मी वाचले, खरं तर त्याचं उत्तर मीच घेऊन जायला हवं होतं. मी हिशोब केला: दहा दिवस, बारा शीट्स. त्यांनी दहा दिवस दिले, पण उशिराचे गुण कापणार हे तोंडावर सांगितलं. पुन्हा पठारावर गेले. सोनकी, तेरडा, सीतेची आसवं मिळाली. कळलावीचा बहर सरला होता, म्हणून फळं असलेली फांदी लावली आणि लेबलवर तसं स्पष्ट लिहिलं. शेवटी २० पैकी १४ मिळाले.

आता तुमचं. अंतर्गत गुण शिक्षकाच्या हातात असतात, पण ते ऑनलाइन भरून लॉक होईपर्यंतच. त्यानंतर सरांची कितीही इच्छा असली तरी त्यांना एकट्याला फार काही करता येत नाही. म्हणून आधी ही तारीख कधीची आहे ते विभागात विचारा. (लेखी पेपरची गोष्ट वेगळी. तिथे उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकन हाच मार्ग, त्यासाठी सरांच्या मागे लागून उपयोग नाही.)

जाताना प्रोजेक्टची प्रत हातात हवी, चुकलेल्या जागी पेन्सिलीच्या खुणा केलेल्या. तास सुटल्यावर दारातच गाठू नका, "सर, दहा मिनिटं हवी होती, कधी येऊ?" असं विचारून जा. बोलणं साधं ठेवा: "सर, विश्लेषणाचा भाग मी घाईत उरकला, चूक माझी आहे. हे दोन तक्ते नव्यानं करून निष्कर्ष पुन्हा लिहायचे आहेत. पुढच्या शुक्रवारपर्यंत देऊ का? उशिराचे गुण कापलेत तरी चालेल." आजारपणाची खोटी सबब सांगू नका. खरोखर आजारी होता तर डॉक्टरांचा कागद सोबत न्या.

माझ्याकडे कुणी "मॅडम, दोन मार्कांनी ग्रेड जातोय" म्हणत आलं की माझा जीव तुटतो, पण मला नाहीच म्हणावं लागतं. त्याच वर्गात वेळेत काम दिलेली चाळीस मुलं असतात, त्यांना मी काय सांगू? काम सुधारून आणतो म्हणणाऱ्याला हो म्हणता येतं, कारण तीच संधी मला सगळ्या वर्गाला जाहीर करता येते. आणि बाहेरून फोन आला, तर जी सवलत मी मनापासून देणार होते तीही देता येत नाही. ती दिली की फोनमुळे दिली असंच सगळे म्हणणार.

सर चिडतील का, हेही विचारलंय. थोडं बोलतील, ऐकून घ्या. नाही म्हणाले तर निदान कुठे काय कमी पडलं ते विचारून, लिहून घ्या; पुढच्या सेमिस्टरला बहुधा तेच सर असतील. गुण अजून भरले गेले नसतील तर सोमवारची वाट बघू नका, उद्याच विभागात जा.