सातला शटर खाली

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. अजून गॅरेजवरच आहेस, मुलगी झोपल्यावर घरी पोचतोस, ती उठायच्या आत निघतोस, सूनबाई धड बोलत नाही. आणि शेवटी विचारलंयस, "काका, हे सगळं त्यांच्यासाठीच करतोय ना मी?" फोन केला तर तू "हो काका, बरोबर आहे" म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहायला बसलो.

सातला शटर खाली घे. उद्यापासून.

तू म्हणशील, तुमच्या वेळी चेतक आणि लूना होत्या, तेव्हा जमायचं. आपोआप काही जमत नव्हतं रे, जमवावं लागलं. आणि ते का जमवलं ते आधी ऐक.

मी सैन्यात, गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमई कोअरमध्ये मेकॅनिक होतो. फील्ड पोस्टिंगला कुटुंब नेता येत नाही. वर्षाला दोन महिने वार्षिक रजा, वर महिनाभर कॅज्युअल. बाकीचं घर म्हणजे ५६ एपीओ या सैन्याच्या टपाल पत्त्यावर येणारं आंतरदेशीय पत्र. थोरलीचं पहिलं पाऊल, गोवर, बालवाडीचा पहिला दिवस, सगळं मी तुझ्या काकूच्या अक्षरात वाचलंय. पत्र हातात पडेपर्यंत ताप उतरलेला असायचा. त्याची हळहळ आजही आहे. नोकरीच तशी होती आणि ती मी मनापासून केली. पण तुझं काय? घर बोपोडीत, गॅरेज दापोडीत, मध्ये फक्त हॅरिस पूल. तू लडाखच्या वाटेवरच्या झोजिला खिंडीपलीकडे अडकल्यासारखा का राहतोस?

उशीर का होतो ते मला माहीत आहे. मागे तुझ्याकडे दुपारभर बसलो होतो ना, तेव्हा बघितलं. तुझी कामं फार नाहीत, तीच कामं परत परत येतात. त्या डिझेल गाडीच्या इंजिनाचं हेड तुझ्या हाताखालच्या पोरानं बसवलं, बोल्ट एका टोकापासून ओळीनं आणि अंदाजानं आवळले. हेडचे बोल्ट मधल्यापासून बाहेर, आलटून पालटून, टप्प्याटप्प्यानं टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं आवळायचे. शेवटच्या टप्प्यात बोल्ट किती अंश फिरवायचा ते दिलं असेल तर अंश मोजायचे. कंपनीनं नवे बोल्ट टाका म्हटलं असेल तर नवेच टाकायचे. नाहीतर हेडखालची गॅस्केट सगळीकडे सारखी दबत नाही, पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि गाडी टोचन लावून दारात येते. मग ते काम तू फुकट करतोस. कधी? रात्री आठनंतर. म्हणजे तुझ्या मुलीच्या वेळेत.

लडाखच्या हिवाळ्यात साध्या डिझेलमधलं मेण घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो. ताफ्यातला एक शक्तिमान ट्रक थांबला की अरुंद रस्त्यावर मागचे सगळे उभे. तिथे "परत आली तर बघू" हे वाक्य कुणी तोंडातून काढत नाही. काढलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरायची नाही, ब्रेकमधली हवा निघाली की नाही हे पेडल दाबून स्वतः बघायचं, हत्यारं मोजून बोर्डवर लावल्याशिवाय गाडी सोडायची नाही. ही शिस्त मी निवृत्तीनंतर माझ्या गॅरेजमध्ये आणली ती गिऱ्हाइकासाठी खरीच, पण आधी माझ्या संध्याकाळसाठी.

"कर्म ही धर्म" हे आमच्या कोअरचं ब्रीद. तेच घेऊन तू मला उलट सांगशील, काका, कामच धर्म. अरे, एकच हेड तीनदा खोलणं याला कर्म म्हणत नाहीत.

सकाळी दहापर्यंत सगळ्या गाड्या बघून यादी कर. नाना पेठेत पार्टसाठी एकच फेरी. तुझा हेल्पर एका क्लच केबलसाठी तिकडे जातो आणि पुन्हा बेअरिंगसाठी जातो, त्यात दुपार संपते. साडेचारनंतर नवी गाडी खोलायची नाही, कितीही ओळखीची असली तरी. रस्त्यात कुणी बायकामुलं घेऊन अडकलं असेल तर अर्ध्या रात्रीही जा, त्यात विचारायचं काय? पण सर्व्हिसिंगची गाडी उद्या सकाळी दिली म्हणून कुणाचं काही अडत नाही.

मला लोक म्हणाले, पेन्शन आहे म्हणून परवडतं. पेन्शन आहेच. पंधरा वर्षं काढल्यावर बसते ती. पण गॅरेजचं भाडं आणि दोन्ही मुलांची शिक्षणं गॅरेजवरच झाली. टॅक्सीचा एक मोठा मालक सोडून गेला, त्याच्या गाड्या रात्रीच मोकळ्या व्हायच्या. जाऊ दिला. बंधू अजून म्हणतात, शेड मोठी झाली असती, चार पोरं हाताखाली असती. असती की! माझ्या सगळ्या नोकरीत काकूनं सासूचं आजारपण, शाळेच्या फिया, कँटीनची रांग, सगळं एकटीनं ओढलं. परत आल्यावर तिला आणखी किती वर्षं एकटं ठेवायचं होतं मी? धाकट्याचं दहावीचं गणित माझ्यासमोर झालं. रात्री चौघं एका वेळी जेवायला बसलो. मोठी शेड यापेक्षा काय देणार होती, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पहिले काही महिने गल्ला कमी होईल. होऊ दे, खर्च आवर, मला सांग, पण सात म्हणजे सात. दसऱ्याच्या आधी गर्दी उसळेल, प्रत्येकाला पूजेआधी गाडी हवी असेल. तेव्हा तुझा निश्चय डळमळेल. तेव्हाही सात.

रविवारी मी येतो. हत्यारांच्या बोर्डासाठी प्लायवूड आणि रंगाचा डबा आणून ठेव, प्रत्येक पान्याची जागा आखून घेऊ. गेल्या दोन महिन्यांची जॉब कार्डंही काढून ठेव. कुठली गाडी किती वेळा परत आली आणि कुणी काम केलं होतं, ते बसून बघू. दुपारचं जेवण तुझ्या घरी, सूनबाईला आजच सांग. काकूही येते आहे.

तुझा,
काका