साखळीचा प्लॉट आणि तुझी सही

‘मावशी, मी ३६ वर्षांची, गोव्यात डिचोली तालुक्यात राहते. लग्नाला ११ वर्षं झाली, दोन मुलं आहेत. नवऱ्याला मटक्याचा आणि मोबाइलवर पैसे लावून खेळायचा नाद आहे. माझ्या पाटल्या गेल्या. आता आम्ही लग्नानंतर घेतलेला साखळी गावातला प्लॉट तो विकायचा म्हणतो आणि त्यासाठी माझी सही मागतो. नाही म्हटलं तर परवा हात उचलला. आई म्हणते, पेपरात बघ, घटस्फोटाच्या केसी किती वाढल्यात, आजकालच्या मुलींना सहनच होत नाही. मीही त्यांतलीच का?’

अगं, आधी सहीचं बोलू, कारण कागद तो कधीही पुढे करील. सही करू नकोस. मुखत्यारपत्रावर तर मुळीच नको. त्यावर एकदा सही झाली की विक्रीच्या वेळी तुला विचारायचीसुद्धा गरज उरणार नाही.

तो तुझी सही मागतो, कारण तिच्याशिवाय त्याचं चालत नाही. रजिस्ट्रारकडे लग्नाची पहिली सही केलीस, मग काही दिवसांनी दुसरी, आठवतं ना? त्याआधी वेगळा करार केला नसेल, तर गोव्याच्या कायद्याने तुम्हा दोघांची मालमत्ता एक झाली आणि तिच्यात निम्मा वाटा तुझा. प्लॉट त्याच्या एकट्याच्या नावावर असला तरी. (तुला माहेरून वारशाने काही आलं, तर तेही या सामाईकात धरलं जातं, हेही माहीत असू दे.) १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून हे चालत आलंय. आपल्याकडे सही झाली की फोटो निघतात, पेढे वाटले जातात. त्या सहीने मुलीला काय मिळालं, ते तिला कोणी सांगत नाही. याचा मला मनापासून राग येतो. अर्धा वाटा असूनही आपण दारात उभं राहून भीक मागितल्यासारखं बोलतो.

आता आईचं म्हणणं. केसी वाढल्या म्हणजे तेवढे संसार मोडले, असं नसतं. एकाच भांडणातून पोटगीचा अर्ज, कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार, मुलांचा ताबा आणि घटस्फोट अशा चार केसी होऊ शकतात. आणि जे संसार पूर्वी मोडायचे ते कुठे मोजले जायचे? मुलांना घेऊन माहेरच्या पडवीत आयुष्य काढलेली बाई तुमच्याही वाड्यावर असेल. तिची केस कधी झाली नाही, म्हणून तिचा संसार सुखाचा होता का? आईला हे विचार, पण रागाने नको. तिच्या काळात तिला दुसरी वाटच दाखवली नव्हती.

आणि जुगाराला कंटाळणं हे काही आजकालच्या मुलींचं खूळ नव्हे. गोव्यात लागू असलेला घटस्फोटाचा कायदा १९१० चा आहे, आणि जडलेलं जुगाराचं व्यसन हे घटस्फोटाचं कारण म्हणून त्यात तेव्हापासून आहे. जत्रेतल्या गडगड्याच्या जुगारावर घर उधळणारे तेव्हाही होते.

पण तू घटस्फोट मागितलेलाच नाहीस, तुला घर वाचवायचं आहे, हे पत्रातून मला दिसतं. त्यासाठी लग्न कायम ठेवून मालमत्ता तेवढी वेगळी करून मागता येते. नवऱ्याच्या कारभारामुळे आपलं जे आहे ते बुडण्याचा धोका असेल, तर बायकोला न्यायालयाकडे तशी मागणी करता येते. ही वाट फार थोड्यांना ठाऊक असते. वकिलाला नेमकं हेच विचार, आणि नवऱ्याने कर्ज काढलं असेल तर त्याचा तुझ्या वाट्यावर काय परिणाम होतो, तेही.

वकिलाच्या फीची चिंता करू नकोस. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर.

हात उचलला, ते तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मी पुढे जाणार नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मारहाणीला हिंसा म्हणतोच, बायकोच्या दागिन्यांची विल्हेवाट लावणं आणि घरखर्चाला पैसे न देणं यांनाही म्हणतो. राहत्या घरातून तुला कोणी असंच बाहेर काढू शकत नाही. पुन्हा हात उठला तर १८१ वर फोन कर, आणि मुलांना घेऊन त्या रात्री कुठे जायचं ते आजच ठरवून ठेव. आईला मात्र खरं सांग. तिला बहुधा नुसतं ‘भांडण झालं’ एवढंच ठाऊक असेल.

या आठवड्यात लग्नाच्या नोंदीचा दाखला आणि प्लॉटच्या विक्रीखताची प्रत काढून बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे ठेव. पाटल्यांची सोनाराकडची पावती सापडली तर तीही.