आठवी-नववीचा भूगोल रंगवायला वर्गात कोणते उपक्रम घेता येतील?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या शाळेत यंदा पहिल्यांदाच आठवी-नववीचा भूगोल वाट्याला आलाय, वर्गात साठ मुलं, प्रोजेक्टर बहुतेक वेळा बंद, आणि तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली की जांभया. मी खाडीच्या अलीकडे, ठाण्यात, मराठी माध्यमाच्या शाळेत हाच विषय शिकवते. तुमच्या-माझ्या वर्गात फार फरक नसणार.

आपल्याकडे उपक्रम म्हटलं की तक्ते, प्रतिकृती आणि प्रश्नमंजूषा. तक्ता आई रात्री अकरापर्यंत बसून रंगवते आणि प्रश्नमंजुषेत पुढच्या दोन बाकांवरची तीच ती मुलं उत्तरं देतात. मी हे सगळं बंद केलंय. माझी चाळणी एकच आहे: मुलाने आधी अंदाज वहीत लिहायचा, मग मोजायचं किंवा पाहायचं, आणि अंदाज का चुकला हे शोधायला धडा उघडायचा. अंदाज पेनाने लिहायचा, खोडायचा नाही. या चाळणीतून जे उपक्रम खाली पडतात ते पडू द्या, दिसायला कितीही छान असले तरी.

सगळ्यात जास्त हाती लागतं ते काठीच्या सावलीतून. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात 'स्थानिक वेळ व प्रमाण वेळ' हा पहिलाच धडा आहे, पण जूनमध्ये सूर्यच रजेवर असतो. जमलं तर धडा दुसऱ्या सत्रात ढकला. नाही जमलं तर जूनमध्ये गणितं सोडवून घ्या आणि काठी डिसेंबरमध्ये, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर लावा. तोवर मुलं धडा विसरलेलीच असतात. एक मीटरची सरळ काठी, ओळंबा, खडू आणि गच्चीचा एखादा कोपरा पुरतो. मैदान नको, कारण नेमकं त्याच वेळी सकाळचं अधिवेशन सुटून दुपारचं भरत असतं.

प्रश्न असा विचारायचा: सावली सर्वांत आखूड किती वाजता होईल? जवळजवळ सगळ्या वह्यांत 'बारा' येतं. मग पावणेबारापासून एकपर्यंत गट पाळीपाळीने वर पाठवायचे, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण आणि बाजूला वेळ. बारा वाजून जातात आणि सावली आखडतच राहते. कुणी काठी वाकडी म्हणतं, कुणी बाईंचं घड्याळ पुढे आहे म्हणतं. साडेबाराच्या पुढे कधीतरी ती थांबते आणि पुन्हा लांबायला लागते. आता पुस्तक उघडा. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२° ३०' पूर्व रेखावृत्तावर लावलेली, ठाणे-ऐरोली ७३° च्या आसपास. फरक साडेनऊ अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणून १२:३८. हे गणित मी फळ्यावर मांडत नाही, मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडून सांगतंच. ती आखूड सावली थेट उत्तर दाखवते, हे वर फुकटात मिळतं.

डिसेंबर का, तर आकाश स्वच्छ असतं आणि उत्तर पुस्तकी गणिताशी जुळतं. तोच प्रयोग नोव्हेंबरच्या सुरुवातीला केलात तर १२:२२ येईल आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२:५२. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्याचा हा परिणाम. हुशार मुलांना याच्या मागे लावून द्या, महिनाभर गप्प बसतील. लांबीही मोजा: २२ डिसेंबरला मीटरभर काठीची सावली आपल्याकडे साधारण ९२ सेंटीमीटर असते, २३ सप्टेंबरला ऊन मिळालं तर ३५. शून्य सावलीचे दिवस, म्हणजे सूर्य भर माथ्यावर येऊन काठीची सावलीच पडत नाही ते, मात्र आपल्याला लाभत नाहीत. एक मेच्या मध्यावर, म्हणजे सुट्टीत. दुसरा जुलैअखेर, म्हणजे ढगात. कुणाचे नातेवाईक नागपूरला असतील तर तुम्ही काठी लावाल त्याच दिवशी तिथेही लावायला सांगा. तिथली आखूड सावली २४-२५ मिनिटं आधी पडते. फोनवर हे ऐकताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

ज्वालामुखीची प्रतिकृती तुमच्या मुख्याध्यापकांना नक्की आवडेल. शंकू, खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग. करू नका असं नाही, पण सह्याद्री असा झालेला नाही. आपला काळा दगड भेगीय उद्रेकातला: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला. शंकू पाहून मुलं नेमकं उलटं शिकतात. त्यापेक्षा बांधकामावरची खडी आणायला सांगा, नवी मुंबईत तिचा तोटा नाही. प्रत्येक गटाला दहा तुकडे द्या. काहींत बारीक पोकळ्या दिसतील, काहींत त्या पांढऱ्या खनिजाने भरलेल्या. त्या पोकळ्या कशाने झाल्या असतील याचा अंदाज लिहून घ्या. 'किड्यांनी' हे उत्तर हमखास येतं. मग लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांपर्यंत पोचायला पाच मिनिटं लागतात.

समोच्च रेषांसाठी, म्हणजे नकाशात सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांसाठी, डाव्या हाताची मूठ वळून उंचवट्यांभोवती पेनाने कडी काढायची आणि मग हात सपाट पसरायचा. जिथे उतार तीव्र होता तिथे रेषा जवळ येतात, संपलं. यानंतर मात्र खरा स्थलनिर्देशक नकाशा हातात द्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशात २० मीटरच्या अंतराने रेषा असतात. त्यावर पारसिकचा डोंगर शोधायला लावा आणि विचारा, मुंब्र्याची जुनी रेल्वे लाईन डोंगराला वळसा घालून का जाते, आणि १९१६ चा बोगदा नेमका तिथूनच का काढला?

भूमी उपयोजनाला, म्हणजे जमीन कशासाठी वापरली जाते याला, ठाण्यातलं वागळे इस्टेट हे आयतं उदाहरण आहे. एमआयडीसीची ती पहिली औद्योगिक वसाहत. आजी-आजोबांना विचारून जुन्या कारखान्यांची यादी करायची आणि त्या जागी आज काय उभं आहे ते समोर लिहायचं. तुमच्या मुलांसाठी ठाणे-बेलापूर रस्ता त्याच कामाचा.

भरती-ओहोटी तुमच्या शाळेसाठी तर अंगणातलीच. कोळ्यांचा एक जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, बाराच्या आसपास. घरच्या कॅलेंडरवरून मुलांनी पुढच्या पंधरा दिवसांचा तक्ता काढायचा आणि वर्तमानपत्रातल्या किंवा इंटरनेटवरच्या वेळांशी ताडून पाहायचा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो; खाडीत आत पाणी उशिरा पोचतं. भरती रोज पाऊण तासाच्या वर पुढे का सरकते, हा प्रश्न मग मुलांकडूनच येतो. दिवाळे किंवा सारसोळे कोळीवाड्यातलं एखादं मूल वर्गात असेल तर त्या दिवशी शिकवायचं काम त्याच्याकडे द्या. त्याच्या घरी हे गणित कागदाविना येतं.

आणि शेवटी सहल. तुमच्या ऐरोलीतच किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याला लागून. या अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा दर्जा, मिळाला. तिथल्या बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. सहलीची तारीख आणि वेळ तुम्ही ठरवू नका, तिथीवरून मुलांना काढू द्या, मग केंद्राला फोन करून जुळते का पाहा. फ्लेमिंगो हवे असतील तर जानेवारी-फेब्रुवारी पाहा, आणि बसची परवानगी दिवाळीपूर्वीच मागून ठेवा.