मांजर लिटर बॉक्स (त्याचा शी-सूचा ट्रे) सोडून बेडवर, कपड्यांवर सू का करतं? काय करायचं?

आधी एक सांगतो, ते मुद्दाम सूड म्हणून करत नाही. तसं वाटतं खरं, कारण नेमकी तुमचीच उशी सापडते त्याला 😅

पहिलं काम व्हेट, म्हणजे प्राण्यांचा डॉक्टर. लघवीला जळजळ होत असेल तर मांजराच्या डोक्यात बॉक्स म्हणजे दुखणं असं बसतं आणि मग ते मऊ जागा शोधतं, चादर, पायपुसणं, काहीही. आणि बोका असेल, सारखा बॉक्समध्ये जाऊन बसतोय, कण्हतोय, पण थेंबभरच येतंय किंवा काहीच येत नाही, तर उद्यावर ढकलू नका, मूत्रमार्ग तुंबला असेल तर एकदोन दिवसात जिवावर बेततं.

तब्येत ठीक निघाली तर मग बॉक्स बघा. बहुतेक वेळा तो घाण असतो किंवा लहान असतो, बस. मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी हवा, रोज साफ करायचा, वासाची लिटर (बॉक्समधली वाळू) नको (तो सुगंध आपल्याला आवडतो, त्यांना नाही). दोन मांजरं असतील तर तीन बॉक्स, तेही वेगवेगळ्या जागी, वॉशिंग मशीनच्या शेजारी नको.

उभं राहून, शेपूट थरथरवत भिंतीवर फवारा मारत असेल तर ते मार्किंग, म्हणजे वासाने आपली हद्द आखणं, त्यावर नसबंदीने बऱ्याचदा फरक पडतो.

डाग एन्झाइमवाल्या क्लीनरनेच पुसा, अमोनियावाल्याने नाही, त्याचा वास लघवीसारखाच येतो. आणि ओरडू नका, मग ते सोफ्यामागे लपून करायला लागतं.