व्हर्च्युअल लॅबमध्ये ५७ आणि कॉलेजात ३५, असं कसं?

प्रश्न : सर, मी बीएस्सी फर्स्ट इयरला आहे, सोलापूरलाच. ॲसिड आणि बेस मिसळल्यावर किती उष्णता निघते, तो प्रयोग केला. व्हर्च्युअल लॅबमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या लॅबमध्ये, १ मोलर (लिटरला एक मोल, म्हणजे पदार्थाचं एक ठरलेलं माप) एचसीएल हे ॲसिड आणि १ मोलर एनएओएच हा बेस ५०-५० मिली घेतलं, दोन्ही २५ डिग्रीला, मिक्स केल्यावर ३१.८ झालं आणि उत्तर मोलला ५७ किलोज्यूलच्या जवळ आलं. तेच एप्रिलमध्ये कॉलेजात काचेच्या बीकरमध्ये केलं तर फक्त ३५! ॲसिड ३८ डिग्री होतं, बेस ३५, शेवटचं रीडिंग ४२.२. मैत्रीण म्हणते आपल्याकडच्या उन्हाळ्यात असंच येणार. आणि कॉम्प्युटरवर १००-१०० मिली घेतलं तरी तापमान तेवढंच का वाढतं?

– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : तिन्ही रीडिंग लिहून पाठवलीस हे फार बरं केलंस, कारण चूक त्यातच दिसतेय. तू ४२.२ मधून ३८ वजा केलेस, म्हणजे वाढ ४.२ धरलीस. पण बेस तर ३५ ला होता ना, मग दोन्ही सारखेच घेतल्यावर सुरुवात सरासरीने ३६.५ ला झाली आणि खरी वाढ ५.७ निघाली. आता १०० ग्रॅम (मिश्रण पाण्याइतकंच जड धरून) गुणिले ४.१८ (एक ग्रॅम पाणी एक डिग्री तापवायला लागणारे ज्यूल) गुणिले ५.७, म्हणजे साधारण २३८० ज्यूल, आणि तुझ्याकडे ५० मिलीत मोल होते ०.०५, तर मोलला जवळपास ४८ किलोज्यूल. फक्त एका वजाबाकीने १३ खाल्ले होते बघ.

उरलेलं बरंचसं बीकरने घेतलं. काच ५० ग्रॅम धरली तरी ती डिग्रीला ४२ ज्यूल पिते, ते मिळवलं की ५२ च्या वर जातेस. कॉम्प्युटरमधल्या भांड्याला असं वजन बहुतेक धरलेलंच नसतं, म्हणून तिथं उत्तर इतकं चोख येतं. शिवाय हा ५७ चा आकडाही तापमान वाढलं की थोडा कमी होतो, म्हणून ४० डिग्रीच्या आसपास तो अगदी जुळायलाच पाहिजे असा हट्ट नको.

उन्हाला मात्र उगाच दोष देऊ नका. हवेत किती उष्णता जाते ते मिश्रण आणि खोली यांच्यातल्या फरकावर ठरतं, ३८ च्या खोलीत ४२ चं मिश्रण म्हणजे फरक फक्त ४ चा, त्यात कितीसं जाणार? उन्हाने एवढंच केलं की तुझी एक बाटली दुसरीपेक्षा जास्त तापली.

१०० मिलीचं म्हणशील तर उष्णता दुप्पट निघाली पण तापवायला पाणीही दुप्पट, म्हणून वाढ तीच, ६.८. उष्णता वेगळी आणि तापमान वेगळं, हे कळायला यापेक्षा चांगला प्रयोग मला तरी माहीत नाही.

पुढच्या वेळी दोन्ही बाटल्या एकाच पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेव. एनएओएच ताजं बनवलेलं नको, ते विरघळतानाच तापतं, रंगाईच्या कारखान्यातल्या कोणालाही विचार, पाण्यात कॉस्टिक, म्हणजे हेच एनएओएच, टाकलं की बादली कशी गरम होते. थर्माकोलचे ग्लास राज्यात २०१८ पासून बंद आहेत, तर दोन कागदी कप एकात एक घाल, वरून आपला सोलापुरी टॉवेल गुंडाळ, पुठ्ठ्याचं झाकण लाव, आणि दर ३० सेकंदाला रीडिंग घे. ॲसिड, बेस दोन्ही हाताळताना गॉगल आणि ग्लोव्हज पाहिजेतच. नवीन आकडे आले की कळव, मी वाट बघतोय.